चित्राचे पाठभेद : रविवर्मा यांची चित्रे आणि लोकप्रिय संस्कृती

१

एखादी साहित्यकृती अभिजात ठरते म्हणजे नेमके काय घडते, याची चर्चा मराठी समीक्षेत पुष्कळ झालेली आहे. चित्रकृतीच्या बाबतीत हाच प्रश्न मात्र बहुधा संग्रहालयाच्या दारापाशी थांबतो. मूळ चित्र कोठे आहे, ते कोणत्या साली रंगविले गेले, त्याची स्थिती कशी आहे, एवढ्या तपशिलावर चर्चा संपते. त्या चित्राच्या ज्या असंख्य आवृत्त्या दिनदर्शिकेवर, काडेपेटीवर, नाटकाच्या पडद्यावर, चित्रपटाच्या चौकटीत आणि जाहिरातीत वावरत असतात, त्यांना ‘नक्कल’ या एका शब्दात निकालात काढले जाते. वस्तुतः एखादे चित्र समाजाच्या मनात टिकून राहते ते प्रामुख्याने या आवृत्त्यांमुळेच. तेव्हा त्यांचा इतिहास हा चित्राच्या इतिहासाचा परिशिष्टभाग नसून त्याचा गाभा आहे, असे मानून पाहणे आवश्यक ठरते.

या दृष्टीने राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांच्या चित्रांइतके बोलके उदाहरण भारतात दुसरे सापडणे कठीण. कमळावर उभी असलेली चतुर्भुज लक्ष्मी आणि तिच्याजवळ सोंडेत माळ धरलेला हत्ती. जलाशयाकाठी खडकावर बसून वीणा वाजविणारी सरस्वती आणि तिच्या पायाशी मोर. सर्वसामान्य मराठी घरात ही रूपे ‘पूर्वापार’ मानली जातात. ती १८९० च्या दशकात एका विशिष्ट चित्रकाराने, युरोपीय तैलरंगपद्धतीने घडविली, ही गोष्ट सांगितली तर ऐकणाऱ्याला आश्चर्य वाटते. या आश्चर्यातच प्रस्तुत विषयाचे मर्म आहे. शंभर-सव्वाशे वर्षांची प्रतिमा सनातन वाटू लागते, ती कोणत्या प्रक्रियेने? आणि तसे वाटण्यात काय कमावले जाते, काय गमावले जाते?

या प्रश्नाचा विचार करताना साहित्याभ्यासातील एक संकल्पना उपयोगी पडते. ती म्हणजे पाठपरंपरेची. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली. तीत गणपती हा व्यासांचा लेखनिक झाल्याची कथा मूळ संहितेत न येता परिशिष्टात गेली. परंतु लोकांच्या महाभारतातून गणपती काही उठून गेला नाही. संशोधकाची संहिता आणि लोकांची संहिता या दोन निराळ्या वस्तू असतात आणि दोहोंना आपापला इतिहास असतो, हे साहित्याच्या अभ्यासकाला नवे नाही. रविवर्मा यांच्या चित्रांकडे याच न्यायाने पाहिले, तर ‘मूळ आणि नक्कल’ या जोडीऐवजी ‘पाठ आणि पाठभेद’ ही जोडी अधिक फलदायी ठरते.

२

रविवर्मा यांच्या चित्रांच्या बहुगुणनाचा आरंभ अपघाताने झालेला नाही. त्रावणकोर व बडोदे या संस्थानांचे दिवाण राहिलेले सर टी. माधवराव यांनी १८८४ मध्येच रविवर्मा यांना सुचविले होते, की त्यांची निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांचे ओलिओग्राफ काढवून घ्यावेत. पुढे १८८८ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी बडोद्याच्या राजवाड्यासाठी १४ पौराणिक चित्रांचे काम दिले. त्या निमित्ताने रविवर्मा व त्यांचे बंधू सी. राजराजवर्मा यांनी उत्तर हिंदुस्थानचा प्रवास केला. रामायण-महाभारतातील पात्रांना शोभेल असा सर्व भारताला समान पोशाख कोठे सापडतो काय, हा त्या प्रवासाचा एक हेतू होता. असा पोशाख सापडणे शक्यच नव्हते. तेव्हा तो रचावा लागला. त्या रचनेत मराठी स्त्रियांच्या साडी नेसण्याच्या पद्धतीचा वाटा मोठा होता, हे चित्रे पाहताच लक्षात येते. पुराणातील नायिकेला जो ‘भारतीय’ वेश प्राप्त झाला, तो अशा रीतीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जुळवून घेतलेला आहे.

बडोद्यास रवाना होण्यापूर्वी ही चित्रे मुंबईत प्रदर्शित झाली आणि ती पाहण्यास गर्दी लोटली. राजवाड्यासाठी काढलेल्या चित्रांना राजवाड्याबाहेरही प्रेक्षक आहे, हे त्यामुळे दिसून आले. १८९४ मध्ये गोवर्धनदास खटाव मखनजी यांच्या भागीदारीत मुंबईत रविवर्मा छापखाना सुरू झाला. ‘शकुंतलाजन्म’ हे त्याचे पहिले मुद्रित चित्र. १८९६ च्या प्लेगने मुंबईचे सारे व्यवहार विस्कटले. दशकाच्या अखेरीस छापखाना लोणावळ्याजवळ मळवली येथे हलला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांच्या मालकीचा झाला. पुढे १९७२ मध्ये तो आगीत भस्मसात झाला.

शिळाछापाची प्रक्रिया लक्षात घेतल्याशिवाय पाठभेदाचा मुद्दा स्पष्ट होत नाही. रंगीत शिळाछापात प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र दगड लागतो. त्या त्या दगडावर चित्राचा तेवढाच भाग कारागिराने हाताने उतरवायचा आणि मग एकाच कागदावर सारे दगड एकामागून एक छापायचे. वरून रोगण चढविले, की कागदाला तैलचित्राची झिलई येते. म्हणजे जे चित्र घरोघर गेले, ते रविवर्मा यांच्या कुंचल्याचे यांत्रिक प्रतिबिंब नव्हते. ते अनेक अनाम हातांनी केलेले वाचन होते. कोणती छटा वगळायची, कोणती रेषा ठळक करायची, चेहऱ्यावरील सावली किती राखायची, याचे निर्णय छापखान्यात होत होते. तैलचित्रातील सूक्ष्म छायाप्रकाश मुद्रितात पुष्कळदा सपाट होतो. बाह्यरेषा उठून दिसते आणि आकृती प्रेक्षकाच्या अधिक समोर येते. चित्रकाराने युरोपीय पद्धतीने निर्माण केलेली खोली कमी होऊन देवतेची संमुखता वाढते. देवघरात लावण्यास हीच गोष्ट सोयीची होती.

वॉल्टर बेंजामिन यांनी १९३०च्या दशकात असे प्रतिपादन केले, की यांत्रिक पुनरुत्पादनामुळे कलाकृतीभोवतीचे तेजोवलय मावळते आणि तिचे पूजामूल्य जाऊन प्रदर्शनमूल्य उरते. रविवर्मा छापखान्याच्या चित्रांच्या बाबतीत नेमके उलट घडले. बडोद्याच्या भिंतीवरील मूळ चित्रापुढे कोणी उदबत्ती लावत नव्हते. उदबत्ती लागली ती छापील कागदापुढे. त्या कागदाला हळदकुंकू वाहिले गेले. देवीच्या साडीवर खरी जर आणि टिकल्या चिकटवून ती सजविली गेली. पुनरुत्पादनाने येथे तेजोवलय नष्ट केले नाही, ते निर्माण केले. ज्या समाजात पूजेसाठी मूर्ती एकमेव असण्याची अटच नसते आणि मातीचा गणपती दरवर्षी नवा घडवून विसर्जित केला जातो, तेथे ‘एकमेव मूळ प्रत’ या कल्पनेवर उभारलेला सिद्धान्त जसाच्या तसा लागू पडत नाही. लोकप्रिय संस्कृतीच्या अभ्यासात पाश्चात्त्य उपपत्ती स्वीकारताना या फरकाकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

३

चित्राचा पाठ बदलतो तो केवळ छापखान्यात नव्हे. माध्यम बदलले, की अर्थही सरकतो. त्याचे एक नमुनेदार उदाहरण म्हणजे कीचक आणि सैरंध्री यांचा प्रसंग. रविवर्मा यांनी १८९० च्या सुमारास हा विषय रंगविला. त्यात सैरंध्री ही भयभीत, असहाय स्त्री आहे आणि चित्राचा सारा भर करुणेवर आहे. १९०७ मध्ये कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ रंगभूमीवर आले, तेव्हा तीच सैरंध्री पारतंत्र्यातील भारतमाता झाली आणि कीचकाच्या जागी प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसू लागला. सरकारलाही तो दिसला आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. १९२० मध्ये बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात ‘सैरंध्री’ हा मूकपट काढला. कीचकवधाचे दृश्य इतके प्रत्ययकारी होते, की त्याला कात्री लावण्यात आली. चित्रातील करुणेपासून पडद्यावरील सूडापर्यंतचा हा प्रवास ३० वर्षांचा आहे. या तिन्ही कृती एकमेकींच्या नकला नाहीत. खाडिलकरांना महाभारत रविवर्मा यांच्याकडून शिकावे लागले, असेही कोणी म्हणणार नाही. परंतु नाटकाच्या आणि चित्रपटाच्या प्रेक्षकाने सैरंध्रीचे दुःख आधी भिंतीवर पाहिले असण्याचा संभव मोठा होता. तो नाट्यगृहात येताना कथेबरोबर एक दृश्यसंस्कारही घेऊन येत होता. साहित्यशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे, तर चित्राने प्रेक्षकाच्या अपेक्षांचे क्षितिज घडविले आणि नाटकाने ते मोडून नवे केले.

रंगभूमी आणि चित्र यांचा हा व्यवहार एकतर्फी नव्हता. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ १८८० मध्ये पुण्यात रंगभूमीवर आले. त्याआधी चारच वर्षे, १८७६ मध्ये, रविवर्मा यांचे पत्र लिहिणाऱ्या शकुंतलेचे चित्र मद्रासच्या प्रदर्शनात गाजले होते आणि गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांनी ते विकत घेतले होते. मराठी रंगभूमीवर शकुंतला पुरुष नट साकारीत होते. भाऊराव कोल्हटकर आणि पुढे १९०५ पासून बालगंधर्व यांनी स्त्रीरूपाचा जो आदर्श उभा केला, त्यात साडीची चुणी, मानेचा कल, पदर सावरण्याची लकब यांना शब्दांइतकेच मोल होते. हा आदर्श आणि रविवर्मा यांच्या नायिका एकाच दृश्यसंस्कृतीत वाढल्या. चित्रातील स्त्री रंगभूमीवरच्या नटीसारखी उभी राहते आणि रंगभूमीवरील पुरुष नट चित्रातील स्त्रीसारखा उभा राहतो, अशी ही परस्परांना घडविणारी प्रक्रिया आहे.

मागे वळून पाहणाऱ्या शकुंतलेच्या सुप्रसिद्ध चित्राचा या संदर्भात बारकाईने विचार करावयास हवा. कालिदासाच्या नाटकात शकुंतला दर्भाचा अंकुर पायात रुतल्याचे निमित्त करून थबकते आणि दुसऱ्या अंकात दुष्यंत हा क्षण विदूषकाजवळ आठवतो. म्हणजे नाटकात त्या क्षणाचा अर्थ दुष्यंताच्या निवेदनातून सिद्ध होतो. ती खरोखरच आपल्याकडे पाहत होती काय, या त्याच्या आशाळभूत शंकेला तेथे जागा आहे. चित्रात दुष्यंत नाही. तो चौकटीबाहेर गेला आहे, आणि पाहणाऱ्याची जागा रिकामी ठेवून गेला आहे. ती जागा प्रेक्षक घेतो. वल्कले जाऊन साडीच्या वळणाचे वस्त्र आले आणि राजाची शंका जाऊन प्रेक्षकाची खात्री आली. या चित्राचे पुढे जे असंख्य अवतार झाले, त्यांनी कालिदासाचा संदर्भ टाकून दिला आणि ही रिकामी जागा तेवढी जपली. दिनदर्शिकेवर, छायाचित्रकाराच्या दालनात, चित्रपटातील गीतदृश्यात मान वळवून मागे पाहणारी तरुणी जेव्हा जेव्हा दिसते, तेव्हा तिच्या नजरेच्या टोकाशी हीच जागा प्रेक्षकासाठी राखून ठेवलेली असते. लोकप्रिय संस्कृती चित्राचा विषय विसरू शकते. त्याची रचना मात्र ती विसरत नाही.

चित्रपटाच्या बाबतीत हा धागा प्रत्यक्ष व्यवसायाचाही आहे. बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण आणि मुद्रण शिकलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांनी रविवर्मा छापखान्यासाठी काम केले होते आणि नंतर स्वतःचा मुद्रणव्यवसाय उभारला होता. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. रविवर्मा यांनीही हरिश्चंद्राची करुणकथा रंगविलेली होती. या चित्रपटाच्या उपलब्ध भागाच्या आरंभी राजा, तारामती आणि रोहिदास यांचा जो कुटुंबदेखावा आहे, त्याची मांडणी पाहिली की शिळाछापातील चित्र हलू लागल्याचा भास होतो. आकृती संमुख आहेत, कॅमेरा स्थिर आहे आणि पार्श्वभूमी पडद्यासारखी आहे. तारामतीही पुरुषच आहे. आशीष राजाध्यक्ष व गीता कपूर यांनी १९८०च्या दशकात फाळके आणि रविवर्मा यांच्यातील या नात्याचा विचार मांडला, तेव्हापासून भारतीय चित्रपटाचा इतिहास केवळ पाश्चात्त्य तंत्राच्या आयातीचा इतिहास म्हणून सांगता येईनासा झाला. फाळक्यांचा प्रेक्षक पडद्यावर नवी वस्तू पाहत होता हे खरे. पण त्या वस्तूत त्याला ओळखीचे देव भेटत होते. नव्या माध्यमाला जुन्या चित्राने जामीन दिला होता.

४

ज्या काळात ही चित्रे घरोघर पोचत होती, त्याच काळात कलासमीक्षेने त्यांना नाकारण्यास प्रारंभ केला. १९०७ च्या सुमारास आनंद कुमारस्वामी आणि भगिनी निवेदिता यांनी रविवर्मा यांच्यावर कठोर टीका केली. कुमारस्वामींना त्यांची पुराणचित्रे नाटकी आणि कल्पनादरिद्री वाटली. निवेदितांनी जमिनीवर पालथे पडून पत्र लिहिणाऱ्या शकुंतलेच्या चित्रावर औचित्यभंगाचा आक्षेप घेतला. बंगालच्या नव्या चित्रशैलीच्या पुरस्कारासाठी ही टीका आवश्यकही होती. पुढील कित्येक दशके ‘कॅलेंडर आर्ट’ हा शब्द समीक्षेत शिवीसारखा वापरला गेला आणि त्या शिवीचा उगम म्हणून रविवर्मा यांच्याकडे बोट दाखविले गेले.

साहित्याच्या क्षेत्रातील प्रतिसाद निराळा होता. हिंदीत महावीरप्रसाद द्विवेदी यांनी ‘सरस्वती’ मासिकात ही चित्रे छापून त्यांवर कविता लिहविल्या आणि १९०९ मध्ये ‘कविता-कलाप’ हा संग्रह सिद्ध केला. त्यात मैथिलीशरण गुप्त यांच्याही रचना आहेत. काव्याने चित्र काढण्यास प्रेरणा द्यावी ही रूढ दिशा. येथे चित्राने काव्य लिहविले. पुराणकथा शब्दांतून चित्रात आणि चित्रातून पुन्हा शब्दांत परतली. मराठीत मुद्रित चित्र आणि वाङ्मय यांचे नाते याहून जुने आहे. ‘निबंधमाला’कार विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनीच सहकाऱ्यांसह १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा छापखाना काढला होता. गद्यशैलीचा प्रवर्तक आणि रंगीत चित्रांचा प्रसारक ही दोन कामे त्या पिढीला परस्परविरोधी वाटली नाहीत. वाङ्मय ‘वरचे’ आणि छापील चित्र ‘खालचे’ ही उतरंड नंतरची आहे.

१९८४ मध्ये रणजित देसाई यांची ‘राजा रविवर्मा’ ही कादंबरी आली. तोवर रविवर्मा यांची चित्रे १९७९ मध्ये राष्ट्रीय कलाठेवा म्हणून घोषित होऊन त्यांच्या निर्यातीवर बंदी आलेली होती. १९९३ मध्ये नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात ए. रामचंद्रन व रूपिका चावला यांनी मांडलेल्या प्रदर्शनाने जुना वाद पुन्हा पेटला. त्याच सुमारास तपती गुहा-ठाकुरता (१९९२) आणि पार्थ मित्तर (१९९४) यांच्या ग्रंथांनी त्या वादाला इतिहासाची बैठक दिली. देसाईंच्या कादंबरीवर आधारलेला केतन मेहता यांचा ‘रंगरसिया’ २०१४ मध्ये चित्रपटगृहांत आला. चित्रांबरोबर आता चित्रकारही लोकप्रिय संस्कृतीचे पात्र झाला. ज्या छापखान्याने त्याचे देव घरोघर नेले, त्याच न्यायाने त्याचे चरित्रही कादंबरी-चित्रपटांतून फिरू लागले, आणि त्यालाही पाठभेद फुटले.

५

लोकप्रियतेत कर्त्याचे नाव टिकते, असा समज असतो. प्रत्यक्षात ते एक तर विरघळते किंवा फुगते. देवघरातील लक्ष्मी कोणाची, हे विचारले जात नाही. तेथे नाव विरघळलेले आहे. उलट मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील, हातात समई घेऊन तिच्या ज्योतीवर दुसरा हात धरलेल्या स्त्रीचे चित्र सर्रास रविवर्मा यांच्या नावावर खपते. ते चित्र आहे सावंतवाडीत जन्मलेले सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांचे. ‘ग्लो ऑफ होप’ या नावाने ओळखले जाणारे हे चित्र १९४५-४६ च्या सुमाराचे, म्हणजे रविवर्मा यांच्या मृत्यूनंतर चार दशकांनी काढलेले आहे. ते जलरंगातील आहे आणि त्यासाठी हळदणकरांची कन्या बसली होती. बोटांतून झिरपणारा लालसर प्रकाश जलरंगात साधणे हे त्या चित्राचे असाधारण यश आहे. रविवर्मा यांचे माध्यम तैलरंग. दोन्ही चित्रकारांच्या हातांत काहीही साम्य नसताना ही चूक वारंवार होते.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला यात अनोळखी काही वाटू नये. विष्णुदास नामा याची रचना नामदेवांच्या नावावर चढणे किंवा नंतरच्या अभंगांनी तुकारामांची मुद्रा धारण करणे ही याच जातीची घटना आहे. एका टप्प्यानंतर ‘तुका म्हणे’ हे केवळ व्यक्तीचे नाव राहत नाही. ती एका वाणीची खूण होते. त्याचप्रमाणे ‘रविवर्मा’ हे लोकव्यवहारात एका व्यक्तीचे नाव न राहता भरजरी वस्त्रातील शालीन भारतीय स्त्रीच्या चित्राचे जातिवाचक नाम झाले. परंतु संतकाव्यात ही नामवृद्धी बव्हंशी भक्तीने झाली; नाव घेणाऱ्या कवीने स्वतःला स्वेच्छेने लोपविले. हळदणकरांनी तसे काही केले नव्हते. त्यांचे नाव त्यांच्याकडून काढून घेतले गेले, तेही कोणी हेतुपूर्वक न काढता. लोकप्रिय संस्कृतीचे औदार्य आणि तिचे क्रौर्य अशा एकाच कृतीत दिसते. पाठपरंपरेचे कौतुक करणाऱ्या समीक्षेने हा हिशोबही मांडला पाहिजे. शिळा घडविणारे कारागीर तर या हिशोबात कधी आलेच नाहीत.

६

या प्रक्रियेची दुसरी किंमत अधिक व्यापक आहे. जी प्रतिमा वारंवार छापली जाते ती नैसर्गिक वाटू लागते, आणि जी नैसर्गिक वाटते तिला प्रश्न विचारले जात नाहीत. अमर चित्रकथेच्या चित्रकारांनी, शिवकाशीच्या दिनदर्शिकांनी आणि दूरदर्शनच्या पौराणिक मालिकांनी देवतांचा जो चेहरा रूढ केला, तो गौरवर्णी, उच्चभ्रू आणि अलंकृत आहे. पुराणे ज्या कृष्णेला काळी म्हणतात, ती द्रौपदीही बहुतेक वेळा गोरीच दिसते. पिंगुळीच्या चित्रकथींच्या पोथ्यांतील मोठ्या डोळ्यांची, एका बाजूने रेखलेली पात्रेही महाभारतातीलच आहेत. परंतु आज महाभारत म्हटल्यावर ती कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाहीत. यासाठी एका चित्रकाराला दोषी धरणे अनैतिहासिक ठरेल. पण एका पाठाच्या प्रसारात अन्य पाठ लुप्त होतात, हे सत्य पोथ्यांइतकेच चित्रांनाही लागू आहे.

अलीकडच्या काही कलावंतांनी नेमका हाच लोप आपल्या निर्मितीचा विषय केला आहे. पुष्पमाला एन. यांनी क्लेअर आर्नी यांच्यासह २००० ते २००४ या काळात केलेल्या छायाचित्रमालेत स्वतःच रविवर्मा यांच्या लक्ष्मीचा आणि चांदण्यातील स्त्रीचा वेश घेतला. छायाचित्रातील लक्ष्मी मूळ चित्राशी तंतोतंत जुळते. तरीही तिचा देह खरा, वजनदार, ओळखता येणारा असल्यामुळे देवत्वाचा भ्रम फुटतो आणि हा सारा वेश आहे, हे ध्यानात येते. २०१७ मध्ये चेन्नईच्या काही कलावंतांनी देवदेवतांना सावळ्या वर्णात दाखविणारी छायाचित्रे काढली, तेव्हाही प्रश्न हाच होता. दुसऱ्या टोकाला २०२० साली चित्रपटतारकांना रविवर्मा यांच्या नायिकांच्या रूपात उभे करणारी दिनदर्शिका निघाली आणि ती अतिशय लोकप्रिय झाली. एकाच चित्राचे एकाच काळात असे विरोधी पाठ संभवतात. पहिल्या प्रकारात प्रतिमेला प्रश्न विचारला जातो. दुसऱ्यात तिचे स्मरण साजरे होते. या दोहोंत फरक करण्याची जबाबदारी समीक्षेची आहे, कारण दिसायला त्या दोन्ही सारख्याच असतात.

या दृष्टीने नलिनी मलानी यांची २००३ मधील ‘युनिटी इन डायव्हर्सिटी’ ही चित्रफीत-मांडणी विशेष विचारार्ह आहे. तिचा आधार आहे रविवर्मा यांचे १८८९ च्या सुमाराचे, मैसूर येथील वादक स्त्रियांचे चित्र. निरनिराळ्या प्रांतांच्या आणि समाजांच्या वेशातील ११ स्त्रिया त्यात एकत्र बसल्या आहेत. राष्ट्र ही एक सुरेल मैफल आहे, हा त्या चित्राचा गर्भितार्थ. याच चित्राचे २००८ च्या सुमारास विणलेल्या एका अतिमूल्यवान रेशमी साडीत वस्त्र झाले. तेथे ती मैफल ऐश्वर्याची खूण ठरली. मलानी यांनी गुजरातमधील २००२ च्या हिंसाचारानंतर तेच चित्र हाती घेतले. त्यांच्या कृतीत मैफल चालू असताना बंदुकीचे आवाज येतात आणि सूर तुटतो. चित्रातील एकही स्त्री बदललेली नाही. बदलला आहे तो तिच्याभोवतीचा काळ. १८८९ मध्ये जे आश्वासन होते ते २००३ मध्ये आरोपपत्र झाले.

चित्र जिवंत राहते म्हणजे काय, याचे उत्तर या उदाहरणांतून हाती येते. संग्रहालयातील निर्वात पेटीत चित्र सुरक्षित राहते. ते जगते मात्र पुन्हा पुन्हा वाचले जाण्यात; आणि वाचन म्हटले की चूक, भर, वगळ आणि विपर्यास आलेच. रविवर्मा यांच्या चित्रांना मुद्रणाने भ्रष्ट केले, हा जुना आक्षेप त्यामुळे टिकत नाही. पण लोकप्रियतेने त्यांना सार्थ केले, हा नवा गौरवही पुरेसा नाही. ज्या दिवशी प्रतिमेवरील सालाचा आकडा पुसला जातो, त्या दिवसापासून ती परंपरा म्हणून अधिकार गाजवू लागते. ‘देवी अशीच असते’, ‘भारतीय स्त्री अशीच दिसते’, ही विधाने त्या पुसलेल्या आकड्याच्या जागी येऊन बसतात. इतिहासाचे काम प्रतिमेला देव्हाऱ्यातून खाली ओढण्याचे नाही. तिच्या कोपऱ्यात तो आकडा पुन्हा लिहिण्याचे आहे. ही लक्ष्मी १८९० च्या दशकातील आहे, ती अमुक दगडांवरून छापली गेली, तिचा वेश अमुक प्रवासानंतर ठरला, आणि समईच्या उजेडातील ती स्त्री हळदणकरांची आहे. एवढे कळल्यानंतरही ज्याला हात जोडावयाचे आहेत तो जोडीलच. फरक एवढाच, की आपण कोणत्या पाठापुढे उभे आहोत, हे त्याला ठाऊक असेल.